मित्र तारा आणि बारा फुटी दुर्बीण

मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास घाटनांदूरच्या माळावरून दक्षिणेकडे पाहावे. क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर एक तेजस्वी तारा दिसतो. त्यास ‘मित्र’ म्हणतात. साठ मिलिमीटर भिंगाची, नवशिक्याच्या हाती देतात ती साधी दुर्बीण त्यावर रोखली, की एका ताऱ्याचे दोन होतात.

हे गुपित प्रथम उलगडले ते भारतभूमीवरच. फादर जाँ रिशो हे फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू १६८७ साली सयामला निघालेल्या पथकात होते. तेथे १६८८ साली राज्यक्रांती झाली व ते पाँडिचेरीस आले. डिसेंबर १६८९ मध्ये धूमकेतूचे निरीक्षण करीत असता त्यांनी मित्र ताऱ्याकडे दुर्बीण वळवली आणि त्याचे जोडपण नोंदवून ठेवले. त्यांची दुर्बीण बारा फूट लांब होती. त्या काळच्या एकेरी भिंगातून ताऱ्याभोवती रंगीत झालर उमटे. ती कमी करण्यासाठी नळी लांबवावी लागे. अठराव्या शतकात दोन प्रकारच्या काचांचे जोडभिंग आले आणि नळी आखूड झाली.

दुर्बिणीचा विषय निघाला, की आम्हा कॅथलिकांना गॅलिलिओचे स्मरण होते आणि मान खाली जाते. १६३३ साली त्यांना शिक्षा झाली. त्यांचा ग्रंथ १८३५ पर्यंत निषिद्ध यादीत राहिला. म्हणजे फादर रिशो आकाश न्याहाळीत होते तेव्हाही ती बंदी कायम होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली त्या न्यायाधीशांची चूक जाहीरपणे मान्य केली. रिशो यांच्या शोधाने ती चूक पुसली जात नाही, आणि त्या चुकीने रिशो यांची नोंदही खोटी ठरत नाही. आमच्या मुलांना आम्ही दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

आणि त्यांना माळावर न्यावे. प्रथम कमी वर्धनाचे नेत्रभिंग लावावे, तारा मधोमध आणावा, मगच वर्धन वाढवावे. क्षितिजालगतची हवा थरथरते, म्हणून घाई करू नये. सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीही वळवू नये. एखाद्या स्थिर क्षणी दोन ठिपके विलग होतील. सुमारे ऐंशी वर्षांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करणारे हे सोबती पाहिल्यावर जे दिसले तेवढेच वहीत लिहावे. फादर रिशो यांनीही तेच केले होते.