गांजाचे ‘वाण’ आणि टर्पिने : वासावरून काय कळते, काय कळत नाही

गांजाच्या दोन वाणांचा वास सारखा नसतो. एकाला लिंबाच्या सालीसारखा वास येतो, दुसऱ्याला सुरूच्या झाडासारखा, तिसऱ्याला मिरीसारखा. या भेदाचे मुख्य कारण म्हणजे ‘टर्पीन’ या नावाने ओळखली जाणारी गंधद्रव्ये. ज्या देशांत गांजाची परवानाधारक विक्री होते, तेथे वाणाची निवड त्यातील टर्पिनांवरून करावी, असा सल्ला गेल्या काही वर्षांत सर्रास दिला जातो. अमुक टर्पीन असेल तर झोप लागते, तमुक असेल तर उत्साह वाटतो, असे कोष्टकच मांडले जाते. पेडणे तालुक्यातील हरमल, मांद्रे, मोरजी या किनारी गावांत देशविदेशांतील पर्यटकांचा सतत वावर असल्याने ही परिभाषा गोव्याला अपरिचित राहिलेली नाही. या परिभाषेत विज्ञान किती, जाहिरात किती आणि गोव्यात लागू असलेल्या कायद्यापुढे तिचे मोल काय, याचा हा आढावा.

टर्पीन म्हणजे काय?

टर्पिने केवळ गांजातच आढळतात असे नाही. ती सर्व वनस्पतिसृष्टीत पसरलेली आहेत. पाच कार्बन अणूंच्या ‘आयसोप्रीन’ या घटकाच्या जोडणीतून ती तयार होतात. दहा कार्बनांची ती मोनोटर्पिने आणि पंधरा कार्बनांची ती सेस्क्विटर्पिने. माशांच्या हुमणात पडणारे तिरफळ, पातोळ्यांना लपेटलेले हळदीचे पान, मिरी, लवंग, लिंबाची साल, पिकलेला आंबा या साऱ्यांच्या गंधात टर्पिनांचा मोठा वाटा असतो. कीटकांना दूर ठेवणे आणि परागीभवन करणाऱ्यांना आकर्षित करणे ही वनस्पतीच्या दृष्टीने त्यांची कामे.

गांजाच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर राळेने भरलेल्या सूक्ष्म ग्रंथी असतात. नशा आणणारे ‘टीएचसी’ आणि नशा न आणणारे ‘सीबीडी’ ही द्रव्ये जेथे तयार होतात, त्याच ग्रंथींत टर्पिनेही तयार होतात. वाळलेल्या फुलोऱ्यात त्यांचे प्रमाण साधारणतः वजनाच्या एक ते तीन टक्के असते. गांजात प्रामुख्याने आढळणारी टर्पिने पुढीलप्रमाणे :

मायर्सीन : मातकट, किंचित कडवट गंध. आंबा आणि बिअरसाठी वापरले जाणारे हॉप्स यांतही आढळते.
लिमोनीन : लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील मुख्य गंधद्रव्य.
पायनीन : पाइन वृक्षाच्या राळेचा गंध, टर्पेंटाइनचा प्रमुख घटक.
लिनालूल : लॅव्हेंडरची फुले आणि धणे यांतील सौम्य सुवास.
बीटा-कॅरिओफायलीन : मिरी आणि लवंगेतील तिखट गंध.
टर्पिनोलीन आणि ह्युम्युलीन : पहिल्याचा गंध फळाफुलांसारखा, दुसऱ्याचा हॉप्ससारखा.

गांजाचा संपूर्ण वास मात्र टर्पिनांचाच असतो असे नाही. त्याच्या उग्र दर्पामागे अत्यल्प प्रमाणात असलेली गंधकयुक्त संयुगे असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

नाव एक, रसायन दुसरे

वाणाची निवड करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो नावाचा. ‘इंडिका’ म्हणजे सुस्ती आणि ‘सॅटिव्हा’ म्हणजे तरतरी, ही विभागणी जगभर रूढ आहे. कॅनडा आणि नेदरलँड्स येथील संशोधकांनी सुमारे तीनशे नमुन्यांची जनुकीय व रासायनिक तपासणी करून २०२१ मध्ये ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. या दोन नावांचा झाडाच्या एकूण आनुवंशिकतेशी फारसा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो मोजक्या टर्पिनांशी. मायर्सीनसारख्या मातकट वासाच्या झाडांना ‘इंडिका’ म्हटले जात होते. म्हणजेच वासावरून नाव ठरत होते आणि नावावरून गुण गृहीत धरले जात होते.

२०२२ मध्ये अमेरिकेतील सहा राज्यांतील सुमारे ९० हजार नमुन्यांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. विक्रीच्या वेष्टनावरील वर्गवारी आणि आतील मालाची रासायनिक घडण यांचा सुसंगत मेळ त्यातही दिसला नाही. परवाना, प्रयोगशाळा आणि वेष्टन या तिन्ही गोष्टी असलेल्या बाजाराची ही स्थिती आहे. जेथे यांपैकी काहीच नाही, तेथे वाणाचे नाव म्हणजे केवळ विकणाऱ्याचा शब्द.

दुसरी अडचण काळाची. टर्पिने लवकर उडून जातात. मिसिसिपी विद्यापीठातील संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, वाळवून तीन महिने साठविलेल्या गांजातील निम्म्याहून अधिक सुगंधी तेल नष्ट झाले होते. मोनोटर्पिने आधी उडतात, जड सेस्क्विटर्पिने मागे राहतात. त्यामुळे झाडावरचा वास आणि पुडीतला वास एकच नसतो.

परिणामांचे दावे

टीएचसीचा शोध इस्रायलमधील राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये लावला. गांजातील अनेक द्रव्ये परस्परांचा परिणाम वाढवितात किंवा बदलतात, ही कल्पना मेशुलम यांच्याच गटाच्या मांडणीतून पुढे आली. ‘परिवार परिणाम’ असे तिचे वर्णन करता येईल. अमेरिकी मज्जाविकारतज्ज्ञ ईथन रुसो यांनी २०११ मध्ये टर्पिनांना या कल्पनेत ठळक स्थान दिले. टर्पिनांवरून वाण निवडण्याचा सल्ला प्रामुख्याने या मांडणीवर उभा आहे.

पुरावा मात्र संमिश्र आहे. मिरीतील बीटा-कॅरिओफायलीन शरीरातील ‘सीबी-२’ या ग्राहीशी जोडले जाते, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. परंतु नशा येते ती ‘सीबी-१’ या वेगळ्या ग्राहीमुळे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रयोगशाळेतील पेशींवर काही प्रमुख टर्पिने तपासली. या दोन्ही ग्राहींवरील टीएचसीच्या कार्यात त्यांनी बदल घडविल्याचे दिसले नाही. याउलट, अमेरिकेत २० निरोगी प्रौढांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ३० मिलिग्रॅम टीएचसीसोबत १५ मिलिग्रॅम लिमोनीन हुंगविले असता टीएचसीमुळे येणारी अस्वस्थता व संशयी भाव कमी झाल्याचे आढळले. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पण तो शुद्ध, मोजून दिलेल्या मात्रेचा आहे. कोणत्याही फुलोऱ्याचा वास घेऊन ती मात्रा कळत नाही.

गांजा ओढण्यापूर्वी आंबा खाल्ल्यास आंब्यातील मायर्सीनमुळे नशा वाढते, ही समजूत बरीच प्रचलित आहे. माणसांवरील चाचण्यांचा आधार तिला नाही. मानकुरादच्या हंगामात गोमंतकीयांनी आंबा खावा तो त्याच्या स्वादासाठीच.

औषध म्हणून विचार केल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१७ मधील अहवालाने प्रौढांतील दीर्घकालीन वेदना, कर्करोगाच्या केमोथेरपीनंतरची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधील स्नायूंचा ताठरपणा यांबाबत उपयुक्ततेचा पुरावा मान्य केला. गांजाचा वापर आणि मनोविकृती यांच्यातील संबंधही त्याच अहवालाने अधोरेखित केला. लहान मुलांतील दुर्धर अपस्माराच्या दोन प्रकारांवर अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळालेले ‘एपिडायोलेक्स’ हे औषध म्हणजे शुद्ध सीबीडी आहे. त्याचा गुण टर्पिनांवर अवलंबून नाही.

निवड कोठे शक्य आहे?

टर्पिनांवरून निवड करायची तर तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात : एकसारख्या स्थितीत वाढविलेले झाड, प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेतील तपासणी आणि वैद्याची चिठ्ठी. नेदरलँड्समध्ये २००३ पासून सरकारी नियंत्रणाखाली औषधी गांजा औषधालयांतून मिळतो. तेथे प्रत्येक वाणातील टीएचसी व सीबीडीचे प्रमाण निश्चित असते. तेथेही डॉक्टर आधी ही दोन प्रमाणे पाहतात. टर्पिनांचा विचार त्यानंतर येतो.

गोव्यातील जुना उल्लेख

गोव्याचा या विषयाशी असलेला संबंध किनारी पर्यटनाच्या कितीतरी आधीचा आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आले. भारतातील औषधी द्रव्यांवरील त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यातील एक संवाद भांगेविषयी आहे. भांगेत जायफळ, जायपत्री, लवंग यांसारखी द्रव्ये मिसळण्याची रीत त्यांनी नोंदविली आहे. ही सारी टर्पिनांनी समृद्ध द्रव्ये आहेत. पणजीतील महापालिका उद्यान याच ओर्तांच्या नावाने ओळखले जाते.

कायदा टर्पीन पाहत नाही

देशभर लागू असलेला गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस) गांजाची व्याख्या झाडाच्या भागावरून करतो. फुलोरा किंवा फळधारी शेंडे म्हणजे गांजा. राळ म्हणजे चरस. शेंड्यांविना असलेली पाने व बिया या व्याख्येबाहेर आहेत. म्हणूनच पानांपासून होणाऱ्या भांगेचे नियमन राज्यांच्या अबकारी कायद्यांकडे राहिले. वाण कोणता आणि वास कसला, याला कायद्यात स्थान नाही.

शिक्षा वजनावर ठरते. गांजासाठी १ किलोपर्यंत अल्प प्रमाण, तर २० किलोंहून अधिक ते व्यापारी प्रमाण मानले जाते. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो असे आहेत. अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. व्यापारी प्रमाणासाठी दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी आणि एक ते दोन लाख रुपये दंड. विनापरवाना लागवडीला, झाड कुंडीतले असले तरी, दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. परदेशात कायदेशीररीत्या विकत घेतलेली, टर्पिनांचे प्रमाण छापलेली पुडी मोपा विमानतळावर उतरताच बेकायदा आयात ठरते.

घरमालक आणि जमीनमालक

पेडणे आणि डिचोलीतील रहिवाशांनी दोन कलमे आवर्जून लक्षात ठेवावीत. कलम २५ नुसार, आपल्या ताब्यातील घर, खोली, जागा किंवा वाहन अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्यास मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होते. पर्यटकांना खोल्या भाड्याने देणाऱ्या पेडण्यातील कुटुंबांना हे कलम थेट लागू पडते. खोलीत दिव्यांखाली झाडे वाढविली जात असल्याचे कळूनही मौन बाळगणे महागात पडू शकते.

कलम ४६ जमीनधारकांसाठी आहे. आपल्या जमिनीत गांजाची बेकायदा लागवड झाल्यास पोलिसांना तात्काळ कळविणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे आणि जाणूनबुजून न कळविणे हा गुन्हा. डिचोलीतील काजूची भाटे, कुळागरे आणि पडीक जमिनी यांचे मालक गावाबाहेर राहत असतील, तर त्यांनी जमिनीवर अधूनमधून लक्ष ठेवणे हिताचे.

गोव्याचा २०२० मधील प्रस्ताव

औषधी उपयोगासाठी गांजाच्या लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार एनडीपीएस कायद्याच्या कलम १० नुसार राज्यांना आहे. जम्मू येथील भारतीय समवेत औषध संस्थेने मांडलेल्या अशा प्रस्तावाची विधी खात्याने छाननी केल्याची बाब २०२० च्या डिसेंबरअखेरीस तत्कालीन विधीमंत्री नीलेश काब्राल यांनी जाहीर केली. त्याच महिन्याच्या प्रारंभी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वाधिक कठोर यादीतून वगळण्याच्या बाजूने २७ विरुद्ध २५ असा कौल दिला होता. भारताचे मत बाजूने पडले होते. गोव्यात मात्र विरोधी पक्षांनी प्रस्तावावर कडाडून टीका केली आणि मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी तो पुढे न नेण्याची भूमिका घेतली.

धागा व बियांसाठीच्या कमी टीएचसीच्या भांगेची वाट वेगळी आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसी असलेल्या वाणांच्या लागवडीचा परवाना दिला. हेंपच्या बिया व बियांचे तेल अन्न म्हणून विकण्यास देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये अटींसह मान्यता दिली. राज्याचा लेखी परवाना हाती नसताना ‘हेंप’ या नावाखाली कोणी बियाणे देऊ केले, तरी गोव्यातील शेतकऱ्याने ते लावू नये.

रुग्णांनी काय करावे?

आयुर्वेदात भांगेला ‘विजया’ म्हणतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील विषारी द्रव्यांच्या अनुसूची ई-१ मध्ये तिचा समावेश असल्याने विजयायुक्त औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. दीर्घकालीन वेदना किंवा निद्रानाशाने त्रस्त रुग्णांनी पुडीच्या वासावर भिस्त ठेवण्यापेक्षा बांबोळीच्या गोमेकॉत किंवा पेडणे तालुक्यातच, धारगळ येथे, डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत सल्ला घ्यावा.

व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्यांसाठी कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेतल्यास कलम ६४-अ नुसार तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. अमली पदार्थांविषयी माहिती देण्यासाठी जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मानस’ वाहिनीचा क्रमांक १९३३ हा आहे.