तनखा

मराठवाड्यातील जुन्या माणसांच्या तोंडी पगाराला एक वेगळाच शब्द असे: तनखा. संस्थानिकांना दरसाल मिळणारी लक्षावधींची रक्कम हाही तनखाच, आणि नांदेडच्या कचेरीतल्या चपराशाच्या हातावर महिन्याकाठी पडणारे चार रुपये हाही तनखाच. भाषेने राजा आणि चपराशी एका पंक्तीला बसविले; इतिहासाने मात्र वाढताना पंक्तिप्रपंच केला. दिवाळीच्या दिवसांत घरोघरी पगाराच्या तारखेची वाट पाहिली जाते, म्हणून त्या पंक्तीची हकीकत सांगावीशी वाटते.

2025 साली आपण दिवे लावीत होतो, तेव्हा अमेरिकेचे केंद्र सरकार बंद होते. खर्चाला तिथल्या विधिमंडळाची मंजुरी मिळाली नाही, म्हणून 1 ऑक्टोबरपासून 43 दिवस लक्षावधी नोकरांचा पगार अडला. काही घरी बसले, काही बिनपगारी राबले. आपल्या घटनेच्या 116 व्या कलमात लेखानुदानाची सोय आहे. अंदाजपत्रक लांबले तरी काही महिन्यांचा खर्च आगाऊ मंजूर होतो. सरकार हरले तर मंत्री घरी जातात, कारकून जात नाहीत.

पण आमच्या मुलखाने सरकार बंद पडण्याहून मोठी गोष्ट पाहिली आहे. इथे सरकारच संपले होते.

हैदराबाद संस्थानात 1947-48 साली रझाकारांचा जुलूम शिगेला पोचला. स्टेट काँग्रेसच्या हाकेला ओ देऊन कित्येक पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे दिले. पिढीजात वतन आणि त्याबरोबरची मिळकत त्यांनी आपण होऊन सोडली. सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यांवर हल्ले झाले. 30 जानेवारी 1948 रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लढ्यासाठी लुटली. पुढे 13 सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या आणि 17 तारखेला निजामी राजवट कोसळली. अवघ्या पाच दिवसांत तनखा देणारा धनी नाहीसा झाला.

कादंबरी लिहिणाऱ्याचे लक्ष अशा वेळी सिंहासनाकडे जाते. शिक्षकाचे मन मात्र हजेरीपटाकडे ओढ घेते. त्या पटावरच्या माणसांचे काय झाले?

फौजी गव्हर्नर जनरल चौधरी यांच्या हाती कारभार आला. शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आणले गेले. पण दफ्तर उर्दूत होते, सन फसली होता आणि चलन हाली सिक्का होते. सात हाली म्हणजे सहा कलदार; सत्तर रुपये तनख्याच्या माणसाला सोलापूरच्या बाजारात साठच रुपयांचा माल येई. ही सारी घडी एका रात्रीत मोडणे शक्य नव्हते, म्हणून जुन्या मुन्शीची गरज उरली आणि कित्येकांची चूल पेटती राहिली.

सगळ्यांची नाही. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. कारवाईनंतरच्या दिवसांत मुसलमान वस्त्यांवर जो हिंसाचार झाला, त्याचा सर्वाधिक मार बसलेल्या जिल्ह्यांत पंडित सुंदरलाल यांच्या शिष्टमंडळाने उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे नोंदविली आहेत. अनेक मुसलमान नोकरांच्या जागा गेल्या. जुलमात हात नसलेलेही त्यांत होते. निजामाची फौज विसर्जित झाली. 15 ऑगस्ट 1949 च्या कायद्याने जहागिरी खालसा झाल्या. हे होणे योग्यच होते. पण जहागिरीच्या कचेरीत हिशेब लिहिणारा कारकून काही जहागीरदार नव्हता.

आणि निजाम? त्यांना वर्षाला 50 लक्षांचा तनखा ठरला आणि 1950 साली ते राजप्रमुखही झाले. संस्थानिकांच्या तनख्याला घटनेच्या 291 व्या कलमाची हमी होती. ती 1971 च्या घटनादुरुस्तीने गेली. ज्याच्या हुकमाने राज्य बुडाले त्याचा तनखा घटनेत लिहिला गेला, आणि ज्याने फक्त हुकूम नकलून काढले त्याला आपली जागा राहील की जाईल याची चिंता!

या अनुभवातून देश काही शिकला, असे मला वाटते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा राज्य पुनर्रचना कायद्याच्या 115 व्या कलमात नोकरांचा स्पष्ट विचार होता: केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून त्यांच्या सेवाशर्ती त्यांना तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नाहीत. राज्य बदलले, तरी या वेळी चपराशाच्या तनख्यामागेही कायदा उभा होता.

पुढे नोकरांनीच सरकार बंद पाडण्याचीही वेळ आली. 14 डिसेंबर 1977 पासून महाराष्ट्रातल्या कर्मचाऱ्यांनी केंद्राइतका महागाई भत्ता मागत 54 दिवस संप केला. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर कचेऱ्या ओस पडल्या. कुलूप कोणीही लावो, जनतेची कामे अडतात आणि वाण्याची उधारी नोकराच्याच घरी वाढते.

2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातली निजामकालीन दफ्तरे धुंडाळली. उर्दू आणि मोडी जाणणारी माणसे शोधावी लागली. ज्या सरकारने त्या लेखनाचा तनखा दिला, ते जाऊन पाऊणशे वर्षे झाली होती. कुणा अनाम मुन्शीने हाली रुपयांवर लिहिलेली ओळ मात्र एखाद्या शेतकऱ्याच्या नातवाच्या कामी येत होती.