नांदी आणि शीर्षकगीत : ‘पोकेमॉन’ मालिकेच्या आरंभगीताचा विचार

प्रयोगाच्या आरंभी गीत असावे, ही कल्पना भारतीय रंगभूमीस नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात पाचव्या अध्यायात पूर्वरंगाचे विधान आले असून तेथे आठ वा बारा पदांची नांदी सांगितली आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा नांदीस मराठी संगीत नाटकात स्थिर स्थान मिळाले. वैनगंगेच्या खोऱ्यातील झाडीपट्टीत दंडार व खडीगंमत यांच्या जोडीने हीच नाट्यपरंपरा रुजली. वडसा (देसाईगंज) हे आज तिचे मुख्य केंद्र असून गावोगावची आयोजक मंडळे तेथे येऊन नाटक ठरवितात. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या या हंगामात रात्रभर चालणाऱ्या नाटकांस वादकांची साथ प्रत्यक्ष रंगमंचालगत असते.

दूरचित्रवाणीवरील बालमालिकांची शीर्षकगीते याच कुळातील मानावीत, की त्यांस केवळ जाहिरातीचा एक प्रकार समजावे, हा प्रश्न विचारार्ह आहे. व्हिडिओ गेमवर आधारलेल्या मालिकांच्या बाबतीत तर तो अधिकच बिकट होतो. कारण तेथे मालिका हीच मुळी एका विक्रेय वस्तूची कथा असते. या प्रकाराचा आरंभ १९८२ साली झाला. नामको कंपनीच्या १९८० मधील ‘पॅक-मॅन’ या खेळावर हॅना-बार्बेरा संस्थेने त्या वर्षी कार्टून-मालिका काढली. १९८९ मध्ये ‘सुपर मारिओ’वरील मालिका आली. तथापि या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘पोकेमॉन’ होय.

‘पोकेमॉन’चे मूळ खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात ‘लाल’ व ‘हिरवा’ अशा दोन आवृत्त्यांत निघाले. गेम बॉय या हातातील यंत्रास ध्वनीचे चारच मार्ग होते : दोन चौरस लहरींचे, एक ठरविता येण्याजोग्या लहरीचा आणि एक केवळ खरखरीचा. ज्युनिची मासुदा यांनी खेळाचे संगीत याच मर्यादेत रचले. त्यात गाता गळा नव्हता, की शब्दही नव्हते. १ एप्रिल १९९७ रोजी तोक्यो दूरचित्रवाणीवर मालिका सुरू झाली, तेव्हा या निःशब्द सृष्टीस प्रथमच शब्द लाभले. जपानी आरंभगीताची शब्दरचना अकिहितो तोदा यांची व स्वररचना हिरोकाझु तानाका यांची होती. तानाका हे स्वतः निन्टेन्डोच्या खेळांचे संगीतकार. खेळाच्या संगीतातून आलेला मनुष्यच मालिकेचे गीत बांधतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गायिका रिका मात्सुमोतो याच मालिकेत नायकाचा आवाज देत असत. म्हणून हे गीत रंगभूमीवरील पात्राच्या प्रवेशपदासारखे आहे. नायक स्वमुखाने आपला संकल्प सांगतो.

१९९८ मध्ये अमेरिकेत मालिका इंग्रजीत आली, तेव्हा जपानी गीत अनुवादिले गेले नाही. जॉन लोफलर व जॉन सिगलर यांनी स्वतंत्र गीत रचिले व ते जेसन पेज यांनी गायिले. गीत प्रथमपुरुषी राहिले, परंतु आवाज नायकाचा उरला नाही. याहून महत्त्वाचा फरक ध्रुवपदात आहे. प्राणी पकडण्याची कल्पना जपानी गीतातही आहे. इंग्रजीत मात्र सर्वच्या सर्व प्राणी मिळविण्याचे आवाहन ध्रुवपदात पुनःपुन्हा येते, आणि विक्रीचे घोषवाक्यही तेच होते. हे आवाहन खेळाच्या मूळ रचनेतूनच निघाले आहे. कोणत्याही एका आवृत्तीत सर्व प्राणी सापडत नाहीत. दोन यंत्रे तारेने जोडून दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल करावी लागते. म्हणजे जे ध्रुवपद वरवर लोभाचे दिसते, त्याच्या मुळाशी सोबत्यावाचून खेळ पुरा होऊ न देणारा नियम आहे. विक्री आणि मैत्री या दोहोंचा उगम एकाच नियमात असल्यामुळे या गीतास निव्वळ जाहिरात म्हणून बाजूस सारता येत नाही.

भारतात ही मालिका २००३ पासून कार्टून नेटवर्क वाहिनीवर दाखविण्यात आली. परंतु परकीय मालिकेस देशी आरंभगीत मिळण्याचे याआधीचे एक उदाहरण झाडीपट्टीच्या शेजारचेच आहे. किपलिंगच्या १८९४ मधील मोगलीकथा सिवनीच्या अरण्यात घडतात. त्यांवरील जपानी मालिका १९९३ साली दूरदर्शनवर हिंदीत आली, तेव्हा गुलजार यांनी नवे गीत लिहिले व विशाल भारद्वाज यांनी त्यास चाल दिली. मूळ मालिका जपानी आणि कथा इंग्रजी. परंतु या गीतामुळे ती त्या पिढीतील मुलांस आपल्याच रानातील वाटली.

या दोन उदाहरणांवरून असे दिसते की आरंभगीत जेव्हा एका भाषेतून दुसरीत जाते, तेव्हा ते अनुवादाने नव्हे, तर पुनर्रचनेने टिकते. नांदीशी त्याचे नाते येथेच जुळते, कारण विखुरलेल्या श्रोत्यांस एकत्र आणून पुढील कथेसाठी सिद्ध करणे हे दोहोंचेही कार्य आहे. भेद आहे तो टिकण्याच्या रीतीत. ध्वनिमुद्रित गीत प्रत्येक भागात अक्षरशः तेच राहते. प्रत्यक्ष गायिलेली नांदी त्या रात्रीपुरती असते आणि कोणी लिहून वा मुद्रित करून न ठेवल्यास नाहीशी होते. म्हणून एका मिनिटाच्या परदेशी गीताचा रचनाकार, गायक व वर्ष निश्चित सांगता येते, आणि वैनगंगाकाठी रात्रीमागून रात्री गायिल्या गेलेल्या असंख्य पदांचे कर्ते मात्र अज्ञात राहतात. झाडीबोलीच्या शब्दसंपत्तीकडे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्याच बोलीच्या प्रदेशातील आरंभगीतांचे संकलन हे त्यापुढील कार्य असून, ते प्रयोग चालू असतानाच झाले पाहिजे.