पडद्याआडचे आर्चबिशप

फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयात टिशियनच्या नावावर असलेली एक तसबीर आहे. मिलानचे आर्चबिशप फिलिप्पो आर्किंतो खुर्चीत बसले आहेत आणि त्यांच्यापुढे एक झिरझिरीत पडदा सोडलेला आहे. पडदा खरा नाही, तोही रंगवलेलाच. त्याची कड थेट तोंडावरून खाली उतरते. चेहऱ्याचा एक भाग लख्ख उघडा आहे, उरलेला विणीआडून अंधुक दिसतो. मोठ्या माणसाची तसबीर काढायची ती त्याचा मान चारचौघांत दिसावा म्हणून. मग त्याच्याच तोंडावर पडदा का?

या चित्राची वंशावळ दोन घराण्यांची आहे, एक खुर्चीचे आणि दुसरे चौकटीचे.

खुर्चीचे घराणे राफाएलपासून सुरू होते असे म्हणायला हरकत नाही. त्याच्याआधी धर्मगुरू चित्रात यायचे ते बहुधा एखाद्या संताच्या पायाशी, गुडघे टेकून, हात जोडून. 1511-12 च्या सुमारास राफाएलने पोप दुसरे ज्युलियस यांना खुर्चीत थोडे तिरपे बसवले आणि जवळून रंगवले. बोलोन्या शहर हातचे गेले म्हणून या पोपने दाढी राखली होती. ती दाढी चित्रात आहे. एका हातात रुमाल आहे, दुसऱ्या हाताने खुर्चीचा हात घट्ट धरलेला आहे, नजर खाली झुकलेली आहे. खुर्चीच्या पाठीवरची दोन सोनेरी ओकफळे म्हणजे त्यांच्या देल्ला रोव्हेरे घराण्याची खूण. एवढा सत्ताधीश माणूस असा थकलेला कुणी दाखवला नव्हता. रोममधल्या सांता मारिया देल पोपोलो चर्चमध्ये चित्र लागले तेव्हा ते बघायला गर्दी लोटली. पुढे ही बैठकच रिवाज झाली. टिशियनने 1543 मध्ये पोप तिसरे पॉल यांना असेच बसवून रंगवले. आर्किंतो रोममध्ये याच पोपचे व्हिकर, म्हणजे प्रतिनिधी होते, आणि 1554 पासून पोपचे राजदूत म्हणून टिशियनच्या व्हेनिसमध्ये राहायला आले.

चौकटीचे घराणे घरगुती आहे. त्या काळी इटलीत चांगल्या चित्रावर रेशमी पडदा असे. चौकटीलाच दांडी बसवलेली असे. धूळ आणि ऊन लागू नये म्हणून पडदा ओढून ठेवायचा आणि पाहुणा तोलामोलाचा असला की बाजूला सारायचा. शिवाय रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलेली ग्रीक चित्रकारांची गोष्ट शिकलेल्या लोकांना ठाऊक होती. झ्यूक्सिसने रंगवलेल्या द्राक्षांवर पाखरे आली, पण पार्‍हासिअसच्या चित्रावरचा पडदा झ्यूक्सिसने स्वतःच सारायला सांगितला, आणि तो पडदा रंगाचा निघाला.

ही दोन घराणी आर्किंतोंच्या तसबिरीत एकत्र आली त्याला कारण घडले. पोप चौथे पॉल यांनी 1556 मध्ये त्यांना मिलानचे आर्चबिशप नेमले. मिलानमध्ये त्यांना विरोध झाला आणि गादीवर बसता आलेच नाही. ते बेर्गामोला राहिले आणि 1558 मध्ये तिथेच वारले. त्यांच्यानंतर ती गादी ज्यांनी खऱ्या अर्थाने चालवली ते कार्लो बोर्रोमेओ. ते 1565 मध्ये वाजतगाजत शहरात आले आणि पुढे संत झाले. आर्किंतोंचे नाव मागे पडले.

पडद्याचा अर्थ अभ्यासक वेगवेगळा लावतात. माणसाला सत्य अंधुकच दिसते असे त्यात काहींना वाचता येते. मला नाकारलेल्या गादीचा अर्थ जास्त पटतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आर्किंतोंची दुसरी तसबीर आहे. तीच बैठक, तोच पेहराव, फक्त पडदा नाही. साध्या तसबिरीने भागत असताना तेच चित्र पुन्हा काढून त्यावर पडदा ओढला जातो, तेव्हा मधल्या काळात काहीतरी घडलेले असते. खुर्ची आहे, झगा आहे, माणूसही आहे, पण तो जिथे दिसायला हवा तिथे त्याला दिसू दिलेले नाही.

आर्किंतोंना मिलानला नेमणाऱ्या चौथ्या पॉल यांनीच गोव्याला महाधर्मप्रांताचा दर्जा दिला. पहिले आर्चबिशप गास्पार दे लेआंव 1560 मध्ये तिथे पोचले. ओळीने तसबिरी लावून सत्तेची परंपरा दाखवायची पद्धत गोव्यात त्याआधीच रुजली होती. पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या चित्रांची मालिका 1547 मध्ये जुआंव दे कास्त्रो यांनी सुरू करवली आणि आज ती जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. तिथल्या माणसांच्या तोंडावर पडदा नाही. त्यांना गादी मिळाली होती.

खुर्चीचे घराणे व्हेलाझ्केझने रंगवलेल्या पोप दहाव्या इनोसंटपर्यंत, 1650 पर्यंत, दिमाखात चालले. तीनशे वर्षांनी चित्रकार फ्रान्सिस बेकनने त्याच इनोसंटला किंचाळायला लावले आणि 1953 च्या चित्रात त्याच्यावरून उभ्या पट्ट्यांचा पडदा खाली सोडला. समीक्षक या पट्ट्यांचा धागा आर्किंतोंच्या पडद्याशी जोडतात, आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली की ते खोटे वाटत नाही.

न्यूयॉर्कची तसबीर दुकानदार बेंजामिन ऑल्टमन यांच्या मृत्युपत्राने 1913 मध्ये मेट्रोपॉलिटनकडे आली. फिलाडेल्फियाची 1917 मध्ये वकील जॉन जॉन्सन यांच्या संग्रहातून शहराला मिळाली. दोन्ही गावांच्या मधे न्यू जर्सी आहे आणि तिथे मराठी माणसांची वस्ती मोठी आहे. रेल्वेने एका दिवसात दोन्ही बघून होतात. चित्रे दालनात लावलेली आहेत ना, एवढे विचारून घ्यावे, आणि आधी न्यूयॉर्कची पाहावी.