खर्जाच्या चार तारा

गायनवृंदात वरच्या पट्टीत गाणारीचा स्वर ढळला, तर तो मागच्या बाकावरच्या माणसालाही कळतो. खर्ज गाणारे मध्येच थांबले, तर मात्र नेमके काय हरवले हे कोणास सांगता येत नाही; गाणे पोकळ झाले एवढेच जाणवते. संगीताच्या या तळमजल्याची राखण पाश्चात्त्य वाद्यवृंदांत दीर्घकाळ डबल बेस या वाद्याने केली. व्हायोलिनच्या कुळातले, सहा फुटांच्या आसपास उंचीचे हे लाकडी धूड. विसाव्या शतकात अमेरिकेच्या नृत्यगृहांत जॅझचे वाद्यवृंद गाजू लागले, तेव्हा ते वाजवणाऱ्याची दुहेरी कुचंबणा होऊ लागली. त्याचे वाद्य मोटारीत मावत नसे, टपावर बांधून न्यावे लागे. आणि एवढ्या खटाटोपाने नेलेले वाद्य ट्रम्पेट आणि ड्रमच्या गदारोळात ऐकूही येत नसे. पुढे गिटारला वीज जोडली गेली आणि शेजारचा गिटारवादक एकाएकी मोठ्या आवाजात बोलू लागला. खर्ज वाजवणारा आणखीच मुका झाला.

आज आपल्या धर्मग्रामांतील मुलांच्या गळ्यात दिसणारी चार तारांची बेस गिटार या कुचंबणेतून जन्मली. ती कोणती घ्यावी, तिच्यात कोणते फेरफार करावेत, असे प्रश्न ही मुले वरचेवर विचारतात आणि उत्तरे बहुधा जाहिरातींत शोधतात. या वाद्याच्या इतिहासात त्यांना अधिक प्रामाणिक उत्तरे मिळतील, असे माझे मत आहे.

पहिला मान खरे तर सिअ‍ॅटल शहरातील पॉल टटमार्क या संगीतशिक्षकाचा. सुमारे १९३६ साली त्याने ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ या नावाचे, गिटारसारखे आडवे धरून वाजवायचे, पडदे बसवलेले आणि विजेवर चालणारे खर्जवाद्य विकायला काढले. पण त्याचा फारसा प्रसार झाला नाही. त्याचे मोजकेच नमुने आज शिल्लक आहेत.

प्रसार केला तो कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर याने. हा गृहस्थ मोठा विलक्षण. १९०९ साली संत्र्यांच्या बागा असलेल्या घरात जन्मला. लहानपणी एक डोळा गेला. शिक्षण हिशेबनिसाचे. मंदीच्या काळात नोकरी सुटली, तेव्हा १९३८ साली त्याने रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. ज्याच्या नावाच्या गिटारी जगभर वाजल्या, त्या फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्याला येत होती ती दुरुस्ती. जे बिघडणार आहे ते सहज उघडता यावे, बदलता यावे, हे दुरुस्ती करणाऱ्याचे शहाणपण त्याने वाद्यनिर्मितीत आणले. व्हायोलिनकार दांडी सरसाने जोडतो. फेंडरने ती चार स्क्रूंनी आवळली. पोकळ पेटीऐवजी भरीव लाकडाची फळी घेतली. तारांखाली चुंबकांभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, म्हणजेच पिकअप, बसवले. १९५१ च्या अखेरीस बाजारात आलेल्या या वाद्याची तार घोडीपासून खुंट्यांकडच्या टोकापर्यंत ३४ इंच लांब होती. आजही बहुसंख्य बेस गिटारींची लांबी तेवढीच असते.

त्याने नाव ठेवले ‘प्रिसिजन बेस’. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. डबल बेसच्या दांडीवर पडदे नसतात; बोट तसूभर इकडेतिकडे गेले की स्वर बिघडतो. फेंडरने सतारीला असतात तसे पडदे घातले आणि स्वराची खात्री दिली. पुढच्या वर्षी, १९५२ साली, या वाद्यासाठी ‘बेसमन’ नावाचा अ‍ॅम्प्लिफायरही काढला. लायनेल हॅम्प्टनच्या प्रसिद्ध जॅझ वाद्यवृंदाने हे नवे वाद्य लगेच स्वीकारले. मंक माँटगोमेरी हा मूळचा डबल बेस वाजवणारा. हॅम्प्टनच्या आग्रहामुळे त्याला ही ‘फळी’ हाती घ्यावी लागली, आणि १९५३ साली या वाद्यावर जॅझचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या पहिल्यावहिल्या वादकांत त्याचे नाव नोंदले गेले.

१९५७ साली फेंडरने पिकअपचे दोन तुकडे केले. त्यामुळे विजेची घरघर कमी झाली आणि प्रिसिजन बेसला तिचे आजचे रूप लाभले. १९६० साली ‘जॅझ बेस’ आली. तिची दांडी खुंट्यांकडे अधिक निमुळती आणि पिकअप दोन. बाजारातील असंख्य बेस गिटारी या दोहोंपैकी एकीच्या लेकी आहेत. दुकानात गोंधळलेल्या खरेदीदाराने एवढे ध्यानात ठेवले तरी अर्धे काम होते. प्रिसिजनचा स्वर भरदार, गाण्याच्या मध्यभागी ठाम बसणारा. जॅझचा अधिक रेखीव, आणि दोन पिकअपांचे प्रमाण बदलून तो हवा तसा फिरवता येतो. लहान हाताला जॅझची दांडी सोयीची पडते.

आता या कारखानी वाद्याचे वादकांनी काय केले ते पाहू. कारण फेंडरने कारखान्यातून ओळीने सारखीच वाद्ये बाहेर काढली, आणि त्यांना निरनिराळे आवाज दिले ते माणसांनी.

जेम्स जेमरसन हा कृष्णवर्णीय वादक १९३६ साली साउथ कॅरोलिनातील एका बेटावर जन्मला व पुढे डेट्रॉइट शहरी आला. शाळेत डबल बेस शिकला. १९५९ पासून तो मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीत साथीदार म्हणून वाजवू लागला. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स, बालवयातील स्टीव्ही वंडर या सर्वांच्या गाण्यांखाली जो खर्ज धावतो, तो बहुतांशी जेमरसनचा. त्याची १९६२ ची प्रिसिजन बेस दुकानातून आली तशीच राहिली. पिकअप बदलले नाहीत, रंग बदलला नाही. त्याने बदलल्या नाहीत त्या गोष्टींची यादीच मोठी! तारा जाड, गुळगुळीत पट्टीने वेढलेल्या. आणि त्या तुटल्याखेरीज तो कधी बदलत नसे. बोटांचा मळ, घाम त्यांत मुरू देई. घोडीवरच्या झाकणाखाली स्पंजाचा तुकडा असे. त्यामुळे स्वर उमटताच आवरला जाई. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी खुलवतात. जेमरसनचा स्पंज नेमके उलटे काम करी. तारा दांडीपासून इतक्या उंच ठेवलेल्या की इतरांना त्या दाबणे जड जाई. आणि हे सर्व तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने, वाजवी. डबल बेसच्या सवयीचे ते बोट. मित्रांनी त्याला ‘आकडा’ असे नाव दिले होते.

त्या एका बोटातून निघालेल्या खर्जाने लोकप्रिय संगीताचा तळ हलता केला. त्याआधी बेसवादक ठोक्यागणिक एक ठरीव स्वर देई. जेमरसनने त्या ठिकाणी दुसरे गाणे रचले, आणि तरीही मूळ गाण्याच्या वाटेत तो कधी आला नाही. ही तोल सांभाळण्याची कला मला त्याच्या वेगापेक्षा मोठी वाटते.

पण तबकड्यांच्या वेष्टनावर त्याचे नाव नसे. मोटाउनच्या साथीदारांची नावे छापण्याची प्रथाच नव्हती. १९७१ साली मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या संग्रहावर ती छापून आली. पुढच्याच वर्षी कंपनीने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला आणि वादकांची ती मंडळी विखुरली. जेमरसन मागोमाग तिकडे गेला, पण त्याचे बस्तान बसले नाही. मद्याने शरीर पोखरले होते. १९८३ साली कंपनीच्या पंचविशीचा झगमगता सोहळा पॅसाडेना येथे झाला, तेव्हा त्याला बोलावणे नव्हते. त्याने बाहेर चढ्या दराने तिकीट विकत घेतले व वरच्या सज्ज्यात बसून तो पाहिला, असे सांगितले जाते. त्याच वर्षी २ ऑगस्टला, वयाच्या ४७ व्या वर्षी तो वारला. मृत्यूच्या थोडेच दिवस आधी त्याचे वाद्य चोरीस गेले होते. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदारांसाठी नवा वर्ग उघडला, त्यात पहिल्याच वर्षी त्याची निवड झाली. संगीताचा इतिहास लिहिणाऱ्याने तबकड्यांबरोबर पगारपत्रकेही वाचावीत.

आपल्या मुंबईतील चित्रपटसंगीताची कहाणी याहून फार निराळी नाही. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती वादकांनी तेथील वाद्यवृंद उभे केले. राहुल देव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ यांनी बेस गिटार वाजवली. गाणी घराघरांत पोचली, पण बहुतेक वादकांची नावे ना पडद्यावर आली, ना वेष्टनावर.

जेमरसनने काही न बदलता वाद्य आपले केले. जाको पास्टोरियस याचा मार्ग अगदी विरुद्ध. फ्लोरिडात वाढलेला हा मुलगा बालपणी देवळात वेदीसेवक होता. त्याने १९६२ ची एक जॅझ बेस घेतली आणि तिचे पडदेच उपटून काढले. लोणी लावायच्या सुरीने काढले असे तो सांगे, तर कधी दुसरीच हकीकत सांगे. फेंडरने ज्या पडद्यांवरून वाद्याला अचूकपणाचे नाव दिले, तेच त्याने फेकून दिले! खाचा लाकडाच्या लुकणाने बुजवल्या आणि वरून होड्यांना लावतात त्या इपॉक्सीचे थर दिले. त्यामागे कारण होते. तो ज्या खरखरीत, गोल तारेने वेढलेल्या तारा वापरी, त्यांनी उघडे लाकूड कानशीसारखे घासले गेले असते. आणि इपॉक्सीच्या काचेसारख्या पृष्ठामुळे स्वराला मानवी गळ्याची लकेर आली. मींड घेता येऊ लागली. १९७६ सालच्या त्याच्या पहिल्या संग्रहाने बेसवादकांची झोप उडवली. पुढे मानसिक आजाराने त्याला घेरले. १९८७ साली, ३५ व्या वर्षी, तो गेला.

त्या खरखरीत तारांचीही एक गोष्ट आहे. इंग्लंडमधील ‘द हू’ या चमूचा जॉन एंटविसल याला जाड तारांचा आवाज मनासारखा मिळेना, तेव्हा तो आपले वाद्य घेऊन थेट रोटोसाउंडच्या कारखान्यात गेला आणि तेथे बसून त्याने तारा करवून घेतल्या. लॉस एंजेलिसमध्ये कॅरोल के हिने १९६३ च्या सुमारास, ठरलेला बेसवादक आला नाही म्हणून, बेस हाती घेतली आणि शेकडो गाण्यांना खर्ज दिला; ती तारांवर नमद्याची पट्टी ठेवी आणि बोटाऐवजी प्लास्टिकच्या पिकने वाजवी.

ही उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे एक गोष्ट उघड होते. आवाज बदलण्यासाठी या मंडळींनी प्रथम हात घातला तो तारांना, तारांच्या उंचीला, स्पंजाला, नमद्याला. म्हणजे जेथे बोट, तार आणि लाकूड एकत्र येतात तेथे. महागडे पिकअप, चकचकीत खुंट्या नंतरच्या. नवी बेस गिटार घेताना म्हणून प्रथम ती वीज न जोडता वाजवावी. दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहावे. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत लाकूड पावसाळ्यात हलते, आणि आतली पोलादी कांब सैल-घट्ट करून ती बाकदारपणे ठीक करावी लागते. प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार छेडावी. या जातीच्या वाद्यांत सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो, तो किती विझतो हे ऐकावे. पट्टा लावून अर्धा तास उभे राहावे. वजनाची खरी पारख खांदाच करतो.

अ‍ॅम्प्लिफायरचा इतिहास थोडक्यात आटोपतो. एव्हरेट हल या डबल बेसवादकाने वाद्याच्या खालच्या खुंटीत ध्वनिग्राहक बसवला. त्या खुंटीच्या इंग्रजी नावावरून ‘अँपेग’ ही कंपनी नावारूपास आली. १९६० ची तिची बी-१५ पेटी ध्वनिमुद्रणगृहांची लाडकी ठरली. मग प्रेक्षागारे मोठी झाली आणि १९६९ साली ३०० वॅटचा एसव्हीटी आला; त्याचे नुसते वरचे यंत्रच ४० किलोच्या जवळपास. आता दोन-तीन किलोच्या यंत्रातून ५०० वॅट निघतात, त्यामुळे आवाज वाढवण्याचा मोह फार होतो. आपल्या देवळांची छते उंच, भिंती दगडी. तेथे खालचे स्वर आधीच घुमतात. अशा ठिकाणी खालचा खर्ज यंत्रावर थोडा उतरवावा आणि घोडीजवळ स्पंजाचा तुकडा ठेवून पाहावा. पाच रुपयांचा स्पंज जे करतो, ते मोठे यंत्र करत नाही.

चोरीस गेलेल्या वाद्यांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. पॉल मॅकार्टनी याने १९६१ साली हँबुर्ग येथे सुमारे ३० पौंडांना व्हायोलिनच्या आकाराची होफ्नर बेस घेतली होती. फेंडर त्याच्या ऐपतीबाहेर होती, आणि डावखुऱ्याच्या हातात दोन्हीकडे सारखा असलेला हा आकार उलटा दिसत नसे. १९७२ साली लंडनमध्ये ती चोरीला गेली. होफ्नरच्या शोधासाठी काही मंडळींनी जाहीर मोहीम काढली, ती एका घराच्या माळ्यावर सापडली आणि २०२४ साली ती मॅकार्टनीकडे परत आल्याचे जाहीर झाले. पास्टोरियसची बिनपडद्यांची बेस १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये नाहीशी झाली होती. ती वीस वर्षांनी उजेडात आली.

जेमरसनच्या प्रिसिजन बेसचा पत्ता अद्याप लागलेला नाही. तिच्या दांडीच्या बुडाशी ‘फंक’ हा शब्द रोमन अक्षरांत हाताने कोरलेला आहे.