कार्डामागच्या दोन टक्क्यांची कुळकथा

ग्राहक दहा हजारांचे बिल क्रेडिट कार्डावर भरतो, पण दुकानदाराच्या खात्यात दहा हजार जमा होत नाहीत. दर दोन टक्के ठरलेला असेल, तर 200 रुपये कापले जातात, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 36 रुपये. उरतात 9,764. बँकेच्या कागदावर या कपातीला ‘एमडीआर’ म्हणतात, बाजारपेठेत ‘मशीनचे दोन टक्के’. तिचे मूळ उधारीच्या वहीत आहे.

1946 मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात जॉन बिगिन्स या बँकरने ‘चार्ज-इट’ योजना काढली. बँकेच्या खातेदाराने आसपासच्या दुकानांतून उधारीवर माल न्यायचा, दुकानदाराने पावती बँकेत द्यायची आणि वसुली बँकेने करायची. चार वर्षांनी, 1950 मध्ये, फ्रँक मॅकनमारा यांच्या डायनर्स क्लबने हीच रीत न्यू यॉर्कच्या हॉटेलांत नेली. क्लब हॉटेलांकडून बिलाचे सात टक्के घेई. खिशात रोकड नसली तरी गिऱ्हाईक येईल आणि मोकळ्या हाताने खर्च करील, या हिशेबाने हॉटेलवाले तयार झाले. कार्ड निवडणार ग्राहक आणि त्याचा खर्च सोसणार विक्रेता, हा पायंडा तेव्हाच पडला.

1958 मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात 60 हजार कार्डे कोणी न मागता टपालाने घरोघरी पाठवली. मोठ्या दुकानांची स्वतःची उधार खाती होती, त्यामुळे ती लांब राहिली. लहान दुकानदार मात्र पुढे आले. दरमहा बिले पाठवणे, थकबाकीसाठी तगादा लावणे आणि बुडीत रक्कम सोसणे, हा सगळा ताप बँक आपल्या अंगावर घेत होती. त्या सेवेचे मोल म्हणजे ही कपात.

तेव्हा काम सगळे हाताचे होते. लोखंडी यंत्रात कार्ड ठेवायचे, वर कार्बनची पावती, मग दांडा सरकवायचा. कार्डावरचे उठावदार आकडे कागदावर उमटत. रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की बँकेला फोन करून परवानगी घ्यावी लागे. पावत्यांचा गठ्ठा बँकेत भरला की कपात करून पैसे जमा होत.

1966 पासून हे कार्ड इतर बँकांनाही देता येऊ लागले आणि नवा पेच पडला: कार्ड एका बँकेचे, दुकानदाराचे खाते दुसरीत, तर कपात कोणाची? 1971 मध्ये डी हॉक यांच्या नेतृत्वाखालच्या बँकांच्या संघटनेने, म्हणजे पुढच्या व्हिसाने, दुकानदाराच्या बँकेने कार्ड देणाऱ्या बँकेला द्यायचा वाटा ठरवून दिला. त्याला इंटरचेंज म्हणतात. आजही कपातीतला मोठा हिस्सा तिकडेच जातो; उरलेल्यात कार्ड नेटवर्क आणि दुकानात मशीन बसवणारी बँक.

भारतात सेंट्रल बँकेने 1980 मध्ये ‘सेंट्रलकार्ड’ आणले. पुढे डेबिट कार्डे आली आणि मूळ हिशेब बदलला. डेबिट कार्डात ग्राहकाचेच पैसे तत्क्षणी वळते होतात. उधारी नाही, बुडीताची धास्ती नाही. मग मोल उधारीचे का द्यायचे? रिझर्व्ह बँकेने 2012 मध्ये डेबिट कार्डांवर मर्यादा घातली: दोन हजारांपर्यंत पाऊण टक्का, त्यावर एक टक्का. 1 जानेवारी 2018 पासून वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असलेल्या दुकानांसाठी मशीनवर ती 0.40 टक्के झाली, मोठ्यांसाठी 0.90 टक्के. 1 जानेवारी 2020 पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर ही कपात शून्य आहे. क्रेडिट कार्डाच्या दराला मात्र अशी मर्यादा नाही. तो बँकेशी बोलून ठरतो.

म्हणून दुकानदारांना कळकळीचे सांगणे आहे. सगळ्या कार्डांना सरसकट एकच दर लावू देऊ नका. बँकेकडून महिन्याचा उतारा मागवा आणि रुपे डेबिट, इतर डेबिट व क्रेडिट यांचे दर वेगवेगळे तपासा. मशीनचे भाडेही त्यात धरा. जीएसटी नोंदणी असेल तर भरलेल्या कराचे क्रेडिट घ्या. आणि डेबिट कार्ड देणाऱ्या ग्राहकाकडून ‘वरचे दोन टक्के’ मागू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ते बसत नाही.