मॅक्सी स्कूटर की मोटारसायकल? पनवेलकरांनी गाडी बुक करण्याआधी वाचावी अशी संपूर्ण माहिती

पहिली नोकरी लागली, थोडे पैसे साठले, आता गाडी घ्यायची आहे. बजेट दीड ते पावणेदोन लाख. यूट्यूबवर दहा रिव्ह्यू पाहिले तरी एक प्रश्न उरतोच. याच पैशात मोटारसायकल घ्यावी की १५०-१६० सीसीची मोठी स्कूटर? घरचे म्हणतात स्कूटर घे, सगळ्यांना चालवता येईल. मित्र म्हणतात बाईकच घे, स्कूटर म्हणजे भाजी आणायची गाडी.

खरं सांगायचं तर याचं उत्तर सीसीमध्ये नाही. तुम्ही रोज कोणत्या रस्त्याने जाता, त्यात आहे. म्हणून या लेखात आपण पनवेल धरून हिशेब करूया. इथून मुंबई, पुणे आणि गोवा अशा तिन्हीकडे रस्ते फुटतात. त्यामुळे ट्रॅफिक, घाट, हायवे, खड्डे आणि पाऊस, सगळं एकाच गाडीच्या वाट्याला येतं.

## मॅक्सी स्कूटर म्हणजे काय?

नेहमीच्या ११०-१२५ सीसी स्कूटरपेक्षा मोठं इंजिन, मोठी चाकं, रुंद टायर आणि लांब सीट असलेल्या स्कूटरला साधारणपणे मॅक्सी स्कूटर म्हणतात. युरोपात हा प्रकार जुना आहे. सुझुकीची बर्गमन ४०० तिथे १९९८ मध्ये आली आणि यामाहाची ५०० सीसीची टीमॅक्स २००१ मध्ये. आपल्याकडे मिळणारी बर्गमन स्ट्रीट दिसायला तशीच असली, तरी तिचं इंजिन १२५ सीसीचंच आहे. दिसण्यावर जाऊ नका.

भारतात हा प्रयोग आधी महाराष्ट्रातल्याच एका कंपनीने करून पाहिला होता. पुण्याच्या किनेटिकने २००६ मध्ये १६५ सीसीची ब्लेझ आणली. डिझाइन इटलीच्या इटालजेटचं होतं. गाडी काळाच्या पुढे होती, पण बाजारात टिकली नाही. नंतरचे मुख्य टप्पे असे:

- एप्रिलिया एसएक्सआर १६०: डिसेंबर २०२०. पियाजिओच्या बारामतीच्या कारखान्यातली गाडी.
- यामाहा एरॉक्स १५५: सप्टेंबर २०२१. लिक्विड कूल्ड इंजिन.
- बीएमडब्ल्यू सी ४०० जीटी: ऑक्टोबर २०२१. ३५० सीसी, तेव्हाची किंमत ९.९५ लाख रुपये.
- हिरो झूम १६०: जानेवारी २०२५. १५६ सीसी, हीसुद्धा लिक्विड कूल्ड.
- टीव्हीएस एनटॉर्क १५०: सप्टेंबर २०२५. १४९.७ सीसी, एअर कूल्ड.

पुढचा सगळा हिशेब १५०-१६० सीसी गटाचा आहे, कारण बहुतेकांचं बजेट तिथेच बसतं.

## गिअर नसताना गाडी पळते कशी?

मोटारसायकलवर आपण क्लच दाबून पायाने गिअर बदलतो. स्कूटरमध्ये हे काम सीव्हीटी करते. इंजिनाकडे एक पुली, मागच्या चाकाकडे दुसरी पुली आणि दोन्हींना जोडणारा एक बेल्ट. इंजिनाकडच्या पुलीत छोटे रोलर असतात. इंजिन जोरात फिरू लागलं की रोलर बाहेरच्या बाजूला सरकतात, पुलीचे दोन भाग जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. त्याच वेळी मागच्या पुलीत तो खाली उतरतो. सायकलला पुढचं चक्र मोठं आणि मागचं छोटं केल्यावर जे होतं, तेच इथे आपोआप होतं.

मागच्या बाजूला एक क्लचही असतो. इंजिन हळू फिरत असेल तर तो सुटलेला असतो, म्हणून सिग्नलला गाडी नुसती उभी राहते. थ्रॉटल दिला की तो पकडतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या पूर्ण लेखभर लक्षात ठेवा. एक, ट्रॅफिकमध्ये गिअरचा विचारच करावा लागत नाही. दोन, थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाचा जो रोध मोटारसायकलवर मिळतो, तो स्कूटरवर कमी मिळतो आणि वेग फार कमी झाला की मिळतच नाही.

## एकाच घराण्यातली इंजिनं, दोन वेगळ्या गाड्या

स्कूटर आणि बाईकमधला फरक समजून घ्यायला यामाहाची जोडी छान आहे. एरॉक्स आणि आर१५ या दोन्हींची इंजिनं १५५ सीसीची आणि एकाच घराण्यातली आहेत.

- ताकद: एरॉक्स १५ पीएस, आर१५ १८.४ पीएस
- ही ताकद मिळते तो वेग: एरॉक्स ८,००० आरपीएम, आर१५ १०,००० आरपीएम
- टॉर्क: एरॉक्स १३.९ न्यूटन मीटर, आर१५ १४.२ न्यूटन मीटर
- वजन: एरॉक्स १२६ किलो, आर१५ साधारण १४१ किलो
- चाकं: एरॉक्स १४ इंची, आर१५ १७ इंची
- जमिनीपासून उंची: एरॉक्स १४५ मिमी, आर१५ १७० मिमी
- टाकी: एरॉक्स ५.५ लिटर, आर१५ ११ लिटर
- सीटखालची जागा: एरॉक्स २४.५ लिटर, आर१५ जवळजवळ शून्य

बारकाईने पाहिलं तर टॉर्कमध्ये फरक फारसा नाही. बाईकची जादा ताकद वरच्या आरपीएमला आहे, म्हणजे ती जास्त वेगात कामाला येते. मग पनवेलमध्ये तो वेग वापरायला मिळतो का?

## पनवेलमधून बाहेर पडणारे रस्ते

पुण्याकडे: मुंबई-पुणे एक्सप्रेसवे कळंबोलीपासून सुरू होतो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. तुमची बाईक २०० सीसीची असो की ४०० ची, जायचं जुन्या हायवेनेच. चौक, खालापूर, खोपोली आणि मग बोरघाट.

मुंबईकडे: अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पण तोही दुचाकीला बंद आहे. म्हणजे सायन-पनवेल हायवे आणि वाशीचा पूल. सकाळ-संध्याकाळ इथे थांबत-थांबतच जावं लागतं.

गोव्याकडे: पळस्पे फाट्यावरून कर्नाळा, पेण, वडखळ, माणगाव, महाड. हा रस्ता लांबचा आहे आणि त्याची अवस्था टप्प्याटप्प्याला बदलते.

त्यात वेगमर्यादाही आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीसाठी कमाल मर्यादा ताशी ८० किमी, तर शहरातल्या आणि इतर रस्त्यांवर ६० किमी आहे. ठिकाणानुसार ती याहून कमीही असू शकते. १५५ सीसीची स्कूटर ८० चा वेग आरामात धरते आणि ओव्हरटेकसाठी थोडा दमही शिल्लक ठेवते. १०० सीसीच्या स्कूटरचं तसं नसतं, ट्रकला ओलांडताना ती धापा टाकते.

थोडक्यात, पनवेलचे दोन सर्वात वेगवान रस्ते दुचाकीसाठी बंदच आहेत. बाईकच्या ज्या जादा ताकदीचे आपण पैसे मोजतो, ती बहुतेक दिवस वापरलीच जात नाही. वाशी-सायनच्या गर्दीत मात्र क्लच न दाबण्याचं सुख रोज मिळतं.

## स्कूटर कुठे मागे पडते?

१. खड्डे. स्कूटरमध्ये इंजिन आणि सीव्हीटी मागच्या चाकासोबतच वर-खाली होतात. एवढं वजन सस्पेन्शनला सांभाळावं लागतं, म्हणून मागचा धक्का थेट पाठीला बसतो. १४ इंची चाक १० किंवा १२ इंचीपेक्षा चांगलं, पण १७ इंची चाक खड्ड्यात कमी उतरतं. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, तेव्हा हा फरक नुसत्या आरामाचा राहत नाही, पडण्याचा होतो. रोजचा रस्ता कायम उखडलेला असेल तर मोटारसायकलच घ्या.

२. घाट उतरणं. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना बाईकवर खालचा गिअर टाकून वेग आवरता येतो. स्कूटरवर बहुतेक भार ब्रेकवर येतो. या गटात सहसा पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतो, एबीएसही फक्त पुढच्या चाकाला. सलग दाबून ठेवला तर ब्रेक तापतो आणि त्याची पकड कमी होते. म्हणून:

- वळणाच्या आधीच, गाडी सरळ असताना वेग कमी करा.
- दोन्ही ब्रेक वापरा. थोडा वेळ नीट दाबा, मग सोडा. सतत घासत ठेवू नका.
- पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करू नका. उरलासुरला रोधही जातो.
- मागे माणूस आणि सामान असेल तर वेग आणखी कमी ठेवा.

३. टाकी. समजा ४० चा ॲव्हरेज मिळाला. ५.५ लिटरमध्ये झाले २२० किमी. जुन्या रस्त्याने पनवेल-पुणे साधारण १२० किमी आहे, म्हणजे जाऊन-येऊन एका टाकीत होत नाही. आर१५ ची ११ लिटरची टाकी त्याच ॲव्हरेजवर दुप्पट जाते. रोज वाशीला जाणाऱ्याला याचा त्रास नाही, दर महिन्याला महाड-चिपळूण करणाऱ्याला आहे.

४. पायाजवळची जागा. घरच्यांना हे आधीच सांगा. एरॉक्ससारख्या गाडीत पाय ठेवण्याच्या जागेत मधोमध उंचवटा असतो, पेट्रोल भरायचं झाकणही तिथेच. ॲक्टिवावर ठेवतो तशी गॅसची टाकी किंवा तांदळाची गोणी इथे राहणार नाही.

## पाऊस आणि देखभाल

कोकणातला पाऊस बाईकच्या चेनचं वंगण धुऊन काढतो. चेन साफ करा, ल्युब मारा, ताण तपासा, हे चालूच राहतं. स्कूटरमध्ये ही कटकट नाही. पण बेल्ट झिजतो आणि एक दिवस न सांगता तुटतो. मॅन्युअलमध्ये जेवढे किमी दिलेत, त्याआधीच बदलून घ्या. रोलर, गिअर ऑइल आणि लिक्विड कूल्ड गाडीत कूलंटही सर्व्हिसला तपासायला सांगा.

साचलेल्या पाण्यातून गाडी घालू नका. सीव्हीटीच्या डब्यात पाणी गेलं की बेल्ट घसरतो. इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही.

## खर्चाचा छुपा भाग: विमा आणि जीएसटी

थर्ड पार्टी विम्याचे टप्पे सीसीवर ठरतात. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीसाठी वर्षाला ७१४ रुपये आणि १५० ते ३५० सीसीसाठी १,३६६ रुपये. नवीन गाडीला पाच वर्षांचा विमा एकदम घ्यावा लागतो, तेव्हा हेच आकडे ३,८५१ आणि ७,३६५ होतात, वर जीएसटी वेगळा. म्हणजे १४९.७ आणि १५५ सीसीमध्ये सुरुवातीलाच साडेतीन हजारांचा फरक. हा नियम बाईकलाही तसाच लागू आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. जुन्या व्हिडिओतल्या किमती धरू नका, शोरूममधून ऑन-रोड भाव लेखी घ्या.

## मोबाईलवाल्यांसाठी तीन कामाच्या टिप्स

- मॅप्समध्ये दुचाकी मोड लावा. गुगल मॅप्सने भारतात हा मोड डिसेंबर २०१७ मध्ये आणला. कार मोडवर राहिलात तर ॲप तुम्हाला एक्सप्रेसवे किंवा अटल सेतूकडे नेईल. तिथून परत फिरणं धोक्याचं, दंड वेगळा.
- होल्डर साधा नको. मोठ्या मोटारसायकलच्या कंपनामुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बिघडू शकतं, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला. स्कूटरवर कंपन तुलनेने कमी असतं, तरी कंपन शोषणारा होल्डर वापरायला कंपनीनेच सांगितलं आहे.
- फोन किंवा पॉवर बँक सीटखाली ठेवू नका. ती जागा इंजिनाच्या वर असते आणि लांबच्या प्रवासात चांगलीच तापते.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं लायसन्स ‘विदाऊट गिअर’चं आहे. १५५ सीसी चालेल का?
हो. १८ वर्षं पूर्ण असतील तर गिअर नसलेली दुचाकी चालवता येते, तिथे सीसीची वरची मर्यादा नाही. पण त्या लायसन्सवर गिअरची बाईक चालवता येत नाही. पुढे बाईक घ्यायचा विचार असेल तर आताच ‘विथ गिअर’ची टेस्ट द्या.

सीटखाली फुल-फेस हेल्मेट मावतं का?
हेल्मेटच्या आकारावर आहे. टेस्ट राइडला स्वतःचं हेल्मेट न्या आणि ठेवून बघा.

उंची कमी आहे, जमेल का?
एरॉक्सची सीट ७९० मिमी उंच आणि रुंद आहे. आकड्यावर जाऊ नका, बसून दोन्ही पाय टेकतात का ते बघा.

## मग घ्यायचं काय?

स्कूटर घ्या, जर रोजचा प्रवास खांदेश्वर, कामोठे, खारघर, वाशीकडे असेल, गाडी घरात आणखी कुणी चालवणार असेल, बॅग-रेनकोट-डबा रोज सोबत असेल आणि घाट महिन्यातून एखाद्या वेळीच असेल.

मोटारसायकल घ्या, जर रस्ता खराब असेल, दर सुट्टीला बोरघाट किंवा कशेडी करायचा असेल, मागे कायम कुणीतरी बसणार असेल आणि एका टाकीत लांब जायचं असेल.

आणि टेस्ट राइड शोरूमच्या गल्लीत संपवू नका. तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा सर्वात वाईट तुकडा निवडा. मागे घरातल्या माणसाला बसवा, दोघांनीही हेल्मेट घाला, एक मोठा स्पीडब्रेकर आणि एक खड्डा पार करा. उतरल्यावर आधी मागे बसलेल्या माणसाला विचारा, मग ठरवा.